गुलाबी पाण्याचा माग



कसबा पेठेतला माणूस रेडिओवर समुद्राबद्दल बोलणार, हे कळल्यावर आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "अहो, तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचे पाणी मुठेचे. हा समुद्र कुठून काढलात?" प्रश्न रास्त आहे. पुण्याला समुद्र नसला तरी समुद्राचे काम मात्र पुण्यात पुष्कळ चालते. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी जी संस्था सुरू केली, तीच आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. देशातल्या कितीतरी बंदरांच्या आणि खाड्यांच्या प्रतिकृती तिथे, समुद्रापासून इतक्या दूर, बांधल्या गेल्या. माझे स्वतःचे आयुष्यही पाणी मोजण्यातच गेले.

आणखी एक धागा आहे. आमच्या कसब्यात महापालिकेचे सांडपाणी उपसण्याचे केंद्र आहे. सकाळी आपण अंघोळ करतो, भांडी घासतो, संडासात बादली ओततो, ते सगळे अशा एखाद्या केंद्रात गोळा होते आणि पंपाने पुढे ढकलले जाते. मुंबईत वरळीला लव्हग्रोव्ह नावाचे असेच केंद्र आहे, आपल्यापेक्षा कितीतरी मोठे. फरक एवढाच की तिथून पुढे ढकलायला समोर अरबी समुद्र आहे. आज मला बोलायचे आहे ते एका साध्या प्रश्नावर. हे पाणी समुद्रात सोडल्यावर ते नेमके किती पातळ होते, आणि हे कोणी, कसे तपासायचे?

पूर्वी मुंबईचे मैलापाणी अगदी किनाऱ्यालगत पडत असे. त्याचा त्रास कमी करायचा म्हणून जागतिक बँकेच्या मदतीने वरळीहून आणि वांद्र्याहून समुद्राच्या तळाखालून बोगदे काढण्यात आले. प्रत्येकाची लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, व्यास साडेतीन मीटर. म्हणजे आतून छोटा टेम्पो सहज जाईल. वरळीचा बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला, वांद्र्याचा २००३ मध्ये. मैलापाण्यातल्या चिंध्या, प्लास्टिक, काड्या जाळीत अडवायच्या, वाळू खाली बसू द्यायची आणि उरलेले पाणी बोगद्यात सोडायचे, अशी ही पद्धत. बोगद्याच्या टोकाशी तळातून वर येणाऱ्या नळ्या असतात आणि त्यांना तोंडे असतात. अंघोळीच्या झारीसारखी ही रचना. इंजिनिअर तिला डिफ्यूजर म्हणतात. एकाच तोंडातून लोंढा सोडण्याऐवजी तो अनेक बारीक धारांत वाटून द्यायचा.

या धारांचे पुढे काय होते ते फार सुंदर आहे. (मैलापाण्याच्या बाबतीत सुंदर हा शब्द वापरल्याबद्दल घरी माझी चेष्टा होते.) मैलापाणी हे जवळजवळ सगळे गोडे पाणीच असते. एक लिटर गोडे पाणी साधारण १००० ग्रॅम भरते, तर समुद्राचे एक लिटर पाणी १०२५ ग्रॅमच्या आसपास. या पंचवीस ग्रॅमच्या फरकामुळे तळाशी सोडलेले पाणी धुराड्यातल्या धुरासारखे वर उसळते. वर जाता जाता ते आजूबाजूचे खारे पाणी आपल्यात ओढून घेते, फुगत जाते, पातळ होत जाते. पृष्ठभागाशी पोचेपर्यंत दोनचार मिनिटे जातात, आणि तेवढ्यात ते कित्येक पट पातळ झालेले असते. याला प्रारंभिक विरलन म्हणतात.

आता उघड आहे की वर चढायची वाट जितकी लांब तितके पाणी अधिक पातळ. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराने १९९०-९१ मध्ये तीन विसर्ग वाहिन्या सुरू केल्या, त्या साठ ते ऐंशी मीटर खोल पाण्यात उघडतात. अमेरिकेतल्या बोस्टनने सप्टेंबर २००० मध्ये सुरू केलेला बोगदा तर पंधरा किलोमीटर लांब आहे आणि तिथे खोली तीस मीटरच्या आसपास आहे. मुंबईसमोरचा समुद्र उथळ. साडेतीन किलोमीटर आत गेले तरी सिडनीची खोली मिळत नाही. त्यातून मुंबईची उधाणाची भरती चारपाच मीटरची. उथळ पाण्यात चारपाच मीटर म्हणजे फार मोठा हिस्सा. सकाळी जी वाट लांब होती, ती सहा तासांनी आखूड झालेली असते. म्हणून 'मुंबईच्या वाहिनीचे विरलन किती?' या प्रश्नाला एक आकडा हे उत्तर असूच शकत नाही. कोणत्या तिथीला, भरतीच्या कोणत्या वेळी, हे विचारावे लागते.

पण आराखड्यात आकडा लिहावा लागतोच. तो आधी गणिताने काढतात, मग प्रयोगशाळेत टाकीत पडताळून बघतात. टाकीतला प्रयोग कधीकधी उलटा करतात. खारे पाणी भरलेल्या टाकीत गोडे पाणी तळातून सोडण्याऐवजी गोड्या पाण्याच्या टाकीत वरून रंगीत खारे पाणी सोडायचे. ते खाली जाते. फोटो काढायचा आणि उलटा धरून बघायचा! निसर्गाला वरखाली कळत नाही, वजनातला फरक तेवढा कळतो.

खरी परीक्षा मात्र समुद्रातच. तिथे पाण्याला ओळखीची खूण करून सोडावे लागते. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी चुनखडीच्या खडकात झिरपून गडप होते. ते बारा किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्यातून बाहेर पडते की नाही, यावरून गिरणीवाल्यांची भांडणे होती. १८७७ मध्ये नदीत दहा किलो फ्लुओरेसिन हा रंग टाकला गेला. सुमारे साठ तासांनी झरा हिरवा झळकू लागला आणि वाद मिटला.

समुद्रातल्या कामासाठी आज बहुधा ऱ्होडामाइन जातीचा रंग घेतात. गडद गुलाबी. त्याच्या एका भावंडाला तुम्ही ओळखता. जत्रेतल्या म्हाताऱ्याच्या केसांसारख्या गुलाबी मिठाईत, म्हणजे म्हातारीच्या कापसात, तो सापडला म्हणून तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली. खाण्यात तो नकोच. विसर्गाच्या चाचणीत मात्र त्याचा गुण असा की तो पाण्यात अतिशय थोडा असला तरी ठरावीक प्रकाश टाकल्यावर चमकतो. फ्लुओरोमीटर हे यंत्र ती चमक मोजते. शंभर कोटी भागांत एक भाग रंग असला तरी त्याला सहज कळते. डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नसते.

हिशेब करून पाहू. समजा एका केंद्रातून रोज २४ कोटी लिटर पाणी जाते, म्हणजे तासाला एक कोटी लिटर. लिटरमागे एक मिलिग्रॅम रंग हवा असेल, तर तासाला दहा किलो रंग सारख्या वेगाने सोडत राहायला हवा. भरती-ओहोटीच्या निम्म्या फेऱ्यात, म्हणजे सहा तासांत, साठ किलो. मग नावेत बसून विसर्गाच्या तोंडावरून आडव्यातिडव्या फेऱ्या मारायच्या. नळीचे तोंड कधी एक मीटर खोल, कधी तीन, कधी पाच. नळीतून पाणी यंत्रात येते, यंत्र आकडा लिहिते, शेजारी नावेची जागा नोंदली जाते. केंद्रात लिटरला एक मिलिग्रॅम होते आणि नावेत त्याचा शंभरावा हिस्सा दिसला, तर पाणी शंभर पट पातळ झाले. एवढेच गणित.

वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात नाव डुलते, पंप हवा ओढतो, वहीची पाने भिजतात, आणि हाताला लागलेला गुलाबी रंग पुढचे आठ दिवस जात नाही. रंगपंचमी कधी झाली, असे लोक विचारतात. जागा नोंदण्यासाठी पूर्वी किनाऱ्यावरच्या खुणांकडे सेक्स्टंट लावून कोन मोजत, आता उपग्रहावरून ती क्षणात मिळते. बदलला आहे तो एवढाच भाग. समुद्रातले ठिपके शोधण्याचे कष्ट तेच आहेत. कारण हे पाणी एकसारखे पसरत नाही. त्याचे ढग असतात, पट्टे असतात. दहा मीटर डावीकडून नाव गेली की आकडा दसपट बदलतो.

असल्या कामात मला सर्वांत उपयोगी पडले ते कोळ्यांचे ज्ञान. आमच्या हातात भरतीचे छापील कोष्टक असे. नावेचा तांडेल मात्र अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांच्या भाषेत बोले. उधाणात पाणी धावते आणि सगळे पांगवते. भांगात पाणी आळसावते. आणि भरती संपून ओहोटी लागायच्या आधी थोडा वेळ असा येतो की पाणी कुठेच जात नाही. सोडलेले मैलापाणी तेव्हा टोकापाशीच साचून राहते. भांगातला हा थांबलेला वेळ म्हणजे विसर्गाची सर्वांत वाईट घटका. चाचणी तेव्हाच घ्यायला हवी. पण माणूस सोयीने वागतो. उजेड असतो, समुद्र शांत असतो, नाव मिळते, अशा दिवशी चाचण्या होतात, आणि अहवालात येतो तो त्या बऱ्या दिवसाचा आकडा.

याहून खोल एक अडचण आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तीच आहे. काल सोडलेल्या पाण्याला रंग नव्हता.

म्हणजे असे. आज सकाळी आपण रंग सोडला आणि शंभर पट विरलन मोजले. आपण समजतो, एक भाग मैलापाणी आणि नव्व्याण्णव भाग समुद्राचे स्वच्छ पाणी. पण ते नव्व्याण्णव भाग स्वच्छ आहेत हे कोणी सांगितले? काल संध्याकाळच्या ओहोटीने बाहेर नेलेले पाणी आज सकाळच्या भरतीने परत आणले असेल. त्यात परवाचेही थोडे असेल. शिवाय मिठी नदीचे, नाल्यांचे, गटारांना न जोडलेल्या वस्त्यांचे. हे सगळे बिनरंगाचे. फ्लुओरोमीटरच्या दृष्टीने ते शुद्धच. रंगाची चाचणी खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेल्या प्रश्नापलीकडचे ती सांगत नाही. ती आजच्या पाण्याचे पांगणे मोजते. किनारपट्टीवर साचत गेलेला मळ ती मोजत नाही. म्हणून रंगाबरोबर पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून, काही तासांच्या आत प्रयोगशाळेत न्यायचे आणि त्यांतले जंतू मोजायचे. ही जोडी फुटली की अर्थ हरवतो.

उलट ही जोडी जमली तर तिचे दोन फायदे होतात. एक, एखाद्या किनाऱ्यावर जंतू भरपूर आणि रंगाचा पत्ता नाही, असे आढळले तर दोष बहुधा वाहिनीच्या टोकाचा नाही, जवळच्या नाल्याचा आहे. दुसरा असा की रंग मरत नाही, जंतू मरतात. दोन्ही सारखेच पातळ होत असतात. तेव्हा रंगापेक्षा जंतू जितके जास्त घटले, तितके ते खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने मेले. पातळ होणे वेगळे आणि नाहीसे होणे वेगळे, हे असे कळते.

आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. कच्च्या मैलापाण्यात शंभर मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू एक कोटीच्या घरात असू शकतात. समुद्राच्या पाण्यात पोहायचे, मासेमारी करायची, तर आपल्याकडच्या निकषाप्रमाणे तेवढ्याच पाण्यात ते शंभरापर्यंत असावेत. म्हणजे एक लाख पट घट हवी. वर चढताना पाणी पन्नास पट पातळ झाले असे धरू. उरले दोन लाख. पुढे लाटा-प्रवाहांनी आणखी दसपट. उरले वीस हजार. अजून दोनशे पट घट बाकी आहे, आणि ती जंतूंच्या मरण्यातूनच यायला हवी. स्वच्छ पाण्यात, भर उन्हात, दर दोन तासांत दहातले नऊ जंतू मरतात असे मानले, तर साडेचार-पाच तासांत काम होईल. पण रात्री ऊन नसते. आणि मुंबईचा समुद्र गढूळ, त्यात ऊन वरच्या थरातच अडते. तिथे दहातले नऊ मरायला दोनाऐवजी दहा तास लागले, तर तेवीस तास हवेत. तेवढ्यात भरती पाण्याला दोनदा किनाऱ्याकडे लोटून गेलेली असते.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांतला कल खरा आहे. आमटीत मीठ जास्त झाले की आपण पाणी घालतो. चव सुधारते, पातेले मोठे होते, मीठ होते तेवढेच राहते. जंतू निदान मरतात. तेल, जड धातू, प्लास्टिकचा चुरा, यांना मरण नाही.

मुंबईच्या गढूळपणाची रंगालाही अडचण होते, कारण गाळाने चमक झाकली जाते. म्हणून आपल्याकडे किरणोत्सारी खुणेचा मार्गही वापरला गेला. मुंबई बंदरातला गाळ कुठे सरकतो, हे शोधायला १९५९ मध्येच किरणोत्सारी स्कँडियम वापरले गेले होते. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाण्याचा माग काढायला आयोडीन-१३१ घेतले. त्याचे प्रमाण दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणजे काही आठवड्यांत खूण आपोआप पुसली जाते. मोजणारे यंत्र पाण्यात बुडवून नावेमागे ओढता येते आणि गाळाने फारसे बिघडत नाही. किरणोत्सार हा शब्द ऐकून दचकू नका. प्रमाण फार थोडे असते आणि परवानग्यांचा बंदोबस्त कडक असतो.

बोस्टनकरांनी काय केले ते मुद्दाम सांगतो. त्यांना बोगदा वापरायची परवानगी मिळाली तीच या अटीवर की विरलन प्रत्यक्ष मोजून दाखवायचे. बोगदा सुरू झाल्यावर वर्षाच्या आत, २००१ च्या उन्हाळ्यात, त्यांनी ऱ्होडामाइन सोडून मोजणी केली आणि ती टाकीतल्या प्रतिकृतीशी चांगली जुळली. कागद, टाकी आणि समुद्र, तिघांनी एकच साक्ष दिली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बोस्टनच्या बोगद्यात शिरणारे पाणी आधी प्रक्रिया केंद्रातून जंतूंच्या मदतीने शुद्ध होऊन आणि नंतर निर्जंतुक होऊन आलेले असते. तिथे विरलन हा शेवटचा हात आहे. आपण मुंबईत कित्येक वर्षे तोच एकमेव हात मानला.

आता ते बदलू घातले आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, धारावी, घाटकोपर आणि भांडुप अशा सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. सगळ्यांची मिळून क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर. मघाचाच हिशेब पुन्हा मांडा. प्रक्रियेने एक कोटी जंतू हजारावर आले, तर समुद्राने फक्त दसपट पातळ करायचे उरते, आणि ते भांगातल्या रात्रीही दोन मिनिटांत होईल.

इथे मला आमची मुठा आठवते. शनिवारवाड्यामागून डेंगळे पुलाकडे जाताना मार्च-एप्रिलमध्ये खाली जे वाहते, त्यात धरणातून सोडलेले पाणी जवळजवळ नसतेच. नागझरी मिळते तीही तशीच. म्हणजे पातळ करायला भागच नाही, भागिले शून्य. पुण्याला समुद्राची सबब नव्हती, म्हणून इथे प्रक्रिया हाच मार्ग होता. तरी आपण रेंगाळलो. २०१६ मध्ये जपानच्या कर्जाचा करार होऊन अकरा नवी प्रक्रिया केंद्रे बांधायचे ठरले, त्याला किती वर्षे लागली ते पेठेतल्या माणसाला सांगायला नको. मुळा-मुठेचे पाणी भीमेला जाते, उजनीत थांबते. तिथले लोक ते पितात, त्यावर ऊस आणि मासे वाढवतात. कोळीवाड्यातल्या माणसाची आणि उजनीकाठच्या माणसाची तक्रार एकच आहे. वरच्यांनी सोडलेले आमच्याकडे येईपर्यंत पातळ होते, हे वरच्यांनीच ठरवले.

मुंबईची नवी केंद्रे चालू होतील तेव्हा दोन्ही बोगद्यांची मोजणी पुन्हा व्हायला हवी. केंद्र चालू होण्याआधी एकदा, नंतर एकदा, म्हणजे फरक दिसेल. अष्टमीच्या भांगात, रात्री, पाणी थांबलेल्या घटकेला. रंगाबरोबर जंतूंच्या बाटल्या, आणि विसर्गाच्या टोकाइतकेच नमुने वरळी, माहीम, दादर आणि जुहूच्या किनाऱ्यावरून. नावेवर तिथल्याच कोळीवाड्यातला एक माणूस बसवावा आणि आकडे त्याच आठवड्यात कोळीवाड्याच्या फळ्यावर लावावेत. हजारो कोटींच्या कामात याचा खर्च म्हणजे काही क्विंटल रंग, दोन नावा आणि थोड्या जागरणाच्या रात्री.